नत्थूभाऊचा हात अन् लाल काटा

त्या दिवशी सकाळी माह्या भावानं माही चहाची गंज घेतली, तिच्यात पाणी टाकलं अन् सिगडीवर ठेवली. मले वाटलं आज हाच चहा करून राहिला. उठून पाहिलं तं बाजूले मोटारीची बॅटरी, तिले लावलेल्या दोन तारा, अन् मोटारीतून काढून आणलेला गोल तबकडीचा काटा जमिनीवर ठेवलेला. भाऊ म्हणे, "जयवंते, इथं बस. तू काट्याकडे पाह्य. पाण्याकडे मी पाहतो."

मी बसली. जानेवारीचा महिना होता, धुकं आमच्या दारापर्यंत आलतं, समोरचा नळही दिसत नव्हता. भाऊच्या हातात कपाशीच्या बोंडाएवढी पितळेची एक वस्तू होती, तिले तार जोडलेली. तिले तो सेंडर म्हणे. ते गेअरच्या तेलात बुडून राहते, अन् तेल किती तापलं ते तारेवाटे समोरच्या काट्याले सांगते, असं त्यानं मले समजावून सांगितलं. मंग त्यानं ते गंजीत सोडलं. पाणी अजून आंघोळीएवढंही झालं नव्हतं. त्यानं दुसरा हात पाण्यात घातला, डोळे मिटले अन् हळूहळू म्हणाले लागला, बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. तिन्ही ओळी झाल्या तरी हात पाण्यातच. अन् काटा सरकत सरकत लाल रंगात जाऊन टेकला.

मी म्हटलं, "भाऊ, लालात गेला गा."

तो डोळे मिटूनच हसला. म्हणे, "पाणी कोमट, अन् हा सांगून राहिला आग लागली."

झालं एवढंच. सेंडर पुसून त्यानं फडक्यात बांधला, अन् त्याच पाण्यात चहापत्ती टाकू का म्हणून मले विचारलं. मी गंज हिसकून घेतली अन् पाणी बाहेर फेकलं. गेअरच्या तेलाचा चहा पितं का म्हटलं. तो म्हणे पंचवीस वर्षं झाली, आता पोटात तेच असन. असे त्याचे जोक. मंग चहा पिला, मफलर गुंडाळला अन् धुक्यात गेला. चार पावलं गेला अन् दिसेनासा झाला, नुसता चपलेचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी पाचले तो घरी आला तं मोटारीच्या मागच्या सीटवर होता. बसलेलाच होता. पण त्याच्यात जीव नव्हता.

माहा भाऊ नत्थू. नागपुरातल्या आमच्या इंदोरा वस्तीत सगळे त्याले नत्थू मिस्त्री म्हणत. माह्यापेक्षा नऊ वर्षानं मोठा. वहिनी बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं, मंग त्यानं दुसरं लग्न केलं नाही. माहा नवरा देवीच्या साथीत गेला तेव्हा भाऊ सायकल घेऊन मले सासरहून आणाले आला. माही पेटी हँडलले बांधली, मले मागं बसवलं. घरी आल्यावर म्हणे, चुलीचं तू पाह्य, बाकीचं मी पाहतो. त्याच्यानंतर बावीस वर्षं आमचं तसंच चाललं.

तो जागेपणीही अर्धा झोपेत असल्यासारखा राहे. आंगणात खाट टाकून पडला की मोठ्या रस्त्यानं जाणारा ट्रक नुसता ऐके अन् म्हणे, याचं मागचं डावं चाक रडून राहिलं. मी म्हणो, झोप ना गा. तो म्हणे झोपलोच आहे. सकाळी उठला की सपन सांगे. त्याच्या सपनात माणसं कमी अन् मशीन जास्त. एकदा सांगे का कन्हान नदीच्या खालून एक मोटार चालली होती, तिचे दिवे पाण्यात लागलेले, अन् मासोळ्या काचेवर तोंड लावून आत पाहत होत्या. मी विचारलं, चालवत कोण होतं. तो बराच वेळ आठवत बसला. मंग म्हणे, कोणीच नव्हतं वं, पण गेअर लय मऊ पडत होता.

त्याचं सगळं काम हातावर. लढाईच्या वक्ताले तो कामठीच्या छावणीत मोटारी धुवाले होता, तिथं एका म्हाताऱ्या उस्तादापाशी शिकला. इंजिन असो, गेअर असो, त्याच्यावर पुरा तळहात ठेवायचा अन् मोजायचं. हात जिथवर टिकला त्याच्यावरून किती तापलं ते कळे. आमचा बाप धान्याच्या बाजारात मापं मोजे, राम एक, राम दोन, राम तीन, असं. भाऊही तसंच मोजे. राम सातपर्यंत हात टिकला तं गाडी जाऊ द्यायची, राम चारले उचलावा लागला तं थांबवायची. लोकं दुरून दुरून त्याले हात ठेवाले बोलवत.

मंग छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून गेलती, मीही गेलती, भाऊच्या खांद्यावर हात ठेवून चालली होती म्हणून हरपली नाही. घरी येऊन त्यानं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले अन् नदीत सोडून आला. त्या दिवसापासून तोंडात राम घेतला नाही. गाडीवर हात ठेवला की नुसतं एक, दोन, तीन मोजाले लागला.

पुढच्या उन्हाळ्यात रामटेककडून मँगनीजचा भरलेला ट्रक आला. ड्रायव्हर म्हणे गेअर तापून राहिला. भाऊनं हात ठेवला. सातपर्यंत टिकला, आठपर्यंतही टिकला. भाऊ म्हणे, जाऊ दे. ट्रक पाच-सहा मैल गेला नसन, गेअर जाम झाला, आतलं सगळं जळून गेलं. तीन दिवस माल रस्त्यावर. भाऊ कामाले होता त्या गॅरेजच्या मालकानं त्याले काढून टाकलं. साऱ्या गावात झालं की नत्थूचा हात मेला.

दोन महिने तो घरी बसला. आपला हात उलटा करून पाहे, सुलटा करून पाहे. एक दिवस दुपारी मी त्याले पितळेच्या गिलासात चहा देल्ला. त्यानं गिलास मुठीत धरला अन् सवयीनं मोजाले लागला. मी भाकरी थापून राहिली होती. दोन-तीनदा ऐकलं अन् मी म्हटलं, "भाऊ, तू आता लवकर मोजतं गा."

तो म्हणे, लवकर म्हणजे.

मी म्हटलं, पहिले मधात राम राहे ना. त्याले वेळ लागे.

भाऊ माह्याकडे पाहतच राहिला. गिलास खाली ठेवला अन् हसाले लागला. हसता हसता त्याच्या डोळ्याले पाणी आलं, मले समजेना हसून राहिला का रडून राहिला. हात काही मेला नव्हता. आकडे पळाले लागले होते. आताचा सात म्हणजे पहिलेचा चारच होता.

शेजारची तुळसाबाई तिथंच बसली होती, निवडाले तांदूळ घेऊन. ती म्हणे, मोजण्यापुरता घेत जाय ना राम, नत्थू. गेअरले काय समजते.

भाऊ म्हणे, "गेअरले नाही समजत वं मावशी. मले समजते."

मंग त्यानं त्रिसरण घेतलं. ते आम्ही रोज म्हणत होतो, त्याचा ताल ठरलेला, कोणी म्हटलं तरी तेवढाच वेळ लागते. दूध डेअरीत कामाले असलेल्या एका माणसाकडून दूध किती तापलं ते मोजायची पाऱ्याची काच मागून आणली. आमच्या घरातली सगळी भांडी त्याच्यात गेली. एका गंजीत आंघोळीचं पाणी, एकात चहाचं, एकात उकळलेलं, अन् भाऊ एका भांड्यातून दुसऱ्यात हात बुडवून म्हणून राहिला, बुद्धं सरणं, धम्मं सरणं. हाताची सालटं गेली. मी खोबरेल लावून देओ. तुळसाबाईले हे पटलं नाही, म्हणे शरण जायची ओळ तेलकट गेअरवर म्हणतेत का. भाऊनं हात परत गंजीत घातला. सहा महिन्यानं त्याचं नवं गणित बसलं. कोमटावर तिन्ही ओळी निघतात. चांगल्या चालत्या गेअरवर एक ओळ पुरी होते. ओळ मधातच तुटली तं थांबायचं.

पण तोवर लोकं त्याले विचारायचे बंद झाले होते. शहरातल्या महाल वस्तीजवळ एका टपरीत तो ग्रीस भरे, नट कसे, दुसरा मिस्त्री सांगे ते करे. पंधरा वर्षं. जाऊ देऊ का थांबवू, असं त्याले कोणी विचारलं नाही.

बहात्तर सालच्या त्या थंडीत गोविंदानं विचारलं. गोविंदा म्हणजे रुपरावजींचा ड्रायव्हर, कन्हानच्या पलीकडल्या एका खेड्यातला, घरी थोडी शेती, पोरगं तसं तिशीचं पण तोंडावरून लहान वाटे. रुपरावजी महालात राहत, खाणीचे ठेकेदार. त्यांच्याकडे एक मोठी हिरवी अमेरिकन मोटार होती, लिलावात घेतलेली. तिले क्लच नव्हता, गेअर आपोआप पडे. महालाच्या गल्लीत ती शिरत नसे म्हणून बाहेरच्या रस्त्यावर झूल घालून उभी राहे. पहिलेच्या मालकानं तिले गेअरच्या तेलाचा वेगळा काटा बसवून घेतला होता. दोन महिन्यांपासून गाडी आठ-दहा मैल गेली की तो काटा लालात जाई. गाडी थंडी झाली की परत खाली.

सदर वस्तीतल्या मोठ्या गॅरेजात महादेवराव म्हणून मोठे मिस्त्री होते. त्यांनी सांगितलं गेअर आतून जळून राहिला, पुरा उघडावा लागन, सामान विलायतेहून येईन, सहा महिने गाडी विसरा. तसल्या गाडीचा गेअर एकदा उघडला की नागपुरात तो परत जोडणारा कोणी नव्हता, हे सगळ्यांले माहीत होतं. म्हणजे गाडी गेली, अन् गाडी गेली म्हणजे गोविंदाही गेला. म्हणून तो टपरीवर भाऊकडे आला अन् खालच्या आवाजात म्हणे, नत्थूभाऊ, एकदा हात ठेवून पाहता का.

भाऊ त्या दिवशी घरी आला तं जेवण थंडं झालं तरी बोलत बसला. गाडीखाली शिरलो, म्हणे. काटा लालात होता अन् गेअरवर एक ओळ पुरी निघाली, वर अर्धी अजून. मंग तेलाचा वास घेतला. जळलेल्या तेलाले जळलेल्या गुळाचा वास येते, याले नव्हता. तेल लाल, शरबतासारखं. मंग त्यानं सेंडरची तार काढली तं काटा एकदम खाली पडला. परत लावली तं लालात. मंग तार कुठं घासली का म्हणून बोटानं पूर्ण चाचपून पाहिली, चांगली होती. म्हणजे गेअरले काही नाही झालं, सांगणाऱ्यालेच ताप आला. मले म्हणे, जयवंते, घरातलं एक माणूस उगीच बोंबलून राहिलं, अन् लोकं घर पाडाले निघाले.

रुपरावजींले हे सांगितलं तं ते खोटं मानेनात, खरंही मानेनात. भाऊ म्हणे तार काढून ठेवा अन् चालवा, कलकत्त्याहून नवा सेंडर येईपर्यंत. रुपरावजी म्हणे, "डोळा काढून ठेवला म्हणजे समोरचा खड्डा बुजते का, नत्थू?" तिथं महादेवरावही होते. ते म्हणे, याच्या हातानं एक ट्रक खाल्ला, आता मोटार खाईन.

भाऊनं ऐकून घेतलं. घरी येऊन मले हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही, पण भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

शेवटी ठरलं ते असं. सेंडर जागच्या जागी ठेवायचा. गाडी कन्हानपर्यंत न्यायची अन् आणायची, मागं डिकीत चार पोती सिमेंट टाकून, काटा लालात असला तरी फेरी पुरी करायची. दर चार-पाच मैलावर भाऊनं हात ठेवायचा. मंग गाडी महादेवरावांच्या गॅरेजात, गेअरच्या खालचं तेलाचं तसराळं उतरवून सगळ्यांसमोर पाहायचं. तेल चांगलं असलं तं गेअर उघडायचा नाही. जळलं असलं तं भाऊ खोटा, अन् काटा लालात असताना गाडी हाकली म्हणून गोविंदाची नोकरी गेली. गोविंदानं मान डोलवली. त्याले दुसरा रस्ताच नव्हता.

त्या फेरीच्याच दिवशी सकाळी भाऊनं माह्या गंजीत ते करून पाहिलं. सेंडर अन् काटा परत गाडीत बसवून गंजीतलं रुपरावजींले सांगितलं तं ते म्हणे, गेअर म्हणजे काय चहा आहे का. तरी भाऊ हसतच गाडीत बसला, असं गोविंदानं मले सांगितलं. पुढचं सगळं गोविंदानं सांगितलेलं आहे. त्यानं ते त्या आठवड्यात मले चार-पाचदा सांगितलं, दरवेळी पहिल्यापासून.

भाऊ मागच्या सीटवर बसला. डोळे मिटले. गाडीत बसला की तो असाच ऐके, गोविंदाले ते माहीत होतं. धुकं कामठीपर्यंत हटलं नव्हतं. दोन्हीकडची झाडं येत अन् विरून जात, गाडी चालून राहिली का उभी आहे ते कळत नव्हतं, असं गोविंदा म्हणे. कामठीच्या आधीच काटा लालात गेला. थांबले. भाऊ खाली शिरला, ओळ म्हटली, वर आला, चाल म्हणे. कामठी सोडल्यावर परत तसंच. गोविंदा काट्याकडेच पाहे, अन् भाऊ मागून विचारे, तुह्या गावाकडे हरभरा कसा आहे गा यंदा.

कन्हानच्या पुलापाशी त्यांनी गाडी थंडी होऊ देल्ली. ऊन निघालं होतं. भाऊ रेतीतून पाण्यापर्यंत गेला, उकिडवा बसला अन् हात पाण्यात सोडला. गोविंदा वरून पाहत होता. त्याले वाटलं हात धुऊन राहिले. पण भाऊ बराच वेळ बसला, ओठ हलत होते. थंड्या पाण्यात हात काय, दिवसभर टिकते. गोविंदा म्हणे, मी दोनदा आवाज देल्ला ताई, तिसऱ्यांदा त्यांनी वर पाहिलं, अन् असं पाहिलं की मी कोण ते त्यांले पहिले समजलंच नाही. वर आल्यावर म्हणे, पाणी लय मऊ आहे गा.

परत निघाले. कामठीले थांबून हात ठेवला. एक ओळ पुरी. भाऊ मागं बसला, मफलर वर ओढला, डोळे मिटले. ते साडेचार असतीन.

कामठी ते इंदोरा सात मैल. मधात एकदा थांबायचं ठरलं होतं. काटा लालाच्याही टोकाले जाऊन टेकला होता, एवढा तो कधी गेला नव्हता. गोविंदानं आरशात पाहिलं, भाऊ डोळे मिटून बसलेला. त्यानं विचारलं, नत्थूभाऊ, काटा पुरा गेला, थांबू का. भाऊ बोलला नाही. गोविंदाले वाटलं ऐकून राहिले, मधात बोललेलं त्यांले चालत नाही. थोडं पुढं जाऊन परत विचारलं, हात ठेवता का. भाऊ बोलला नाही. गोविंदा म्हणे, मले वाटलं त्यांचं चाल आहे. मी चाललो, ताई. चालतच राहिलो.

इंदोऱ्याच्या वळणावर गाडी वळली अन् भाऊ एका बाजूले कलला.

मी आंगणात वाळलेले कपडे काढून राहिली होती. एवढी मोठी मोटार आमच्या गल्लीत कधी आली नव्हती. पोट्टे मागं पळत आले. मले पहिले भाऊ दिसला अन् आनंदच झाला, म्हटलं आज शेटासारखा बसून आला. मंग गोविंदा खाली उतरला, अन् त्याच्या तोंडाकडे पाहून मी हातातले कपडे खाली टाकले.

डॉक्टर म्हणे हृदय बंद पडलं, अर्धा-पाऊण तास झाला असन. त्रास नसन झाला. म्हणजे त्या सात मैलातच गेला, पण कुठं ते कोणालेच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी नेलं. घाटावर सगळे पांढरे कपडे घालून उभे, भन्तेजींच्या मागून त्रिसरण म्हणून राहिले होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मी भाऊच्या हाताकडे पाहत होती. मले वाटे आता उचलन, आता उचलन.

रुपरावजी आले होते. हार घातला, माह्यापाशी येऊन म्हणाले नत्थू सच्चा माणूस होता. गाडीचं काही बोलले नाही. पण भाऊ गेला त्याच संध्याकाळी गोविंदानं गाडी सदरच्या गॅरेजात नेऊन लावली होती, अन् रुपरावजींनी त्याच्याकडून चाबी घेतली होती. महादेवरावांकडे दुसरं काम होतं, ते म्हणे चार-पाच दिवसानं पाहू. तेवढे दिवस गोविंदा आमच्याकडे येऊन ओट्यावर बसे. आपल्या गावी गेला नाही. जेव म्हटलं तं जेवत नसे, पाणी पिई.

मले आधी समजलं नव्हतं का हा काहून बसून राहिला. मंग त्यानंच सांगितलं. कामठीपर्यंत भाऊचा हात होता, ताई, त्याच्यापुढं हात नव्हता. काटा पुरा लालात होता अन् मी मेलेल्या माणसाले विचारून गाडी हाकली. त्या सात मैलात गेअर जळला असन तं. लोकं म्हणतीन नत्थूचा हात शेवटालेही खोटा निघाला. माही नोकरी जाऊ दे, असं तो म्हणे, पण त्याचं मन नोकरीतही होतंच, घरी दोन लेकरं होती, मी काय समजत नाही का.

माही रात्र अशीच जाई. झोप लागली की ती मोटार येई, धुक्यातून, आवाज न करता. मागच्या सीटवर भाऊ. मी पळत जाऊन विचारो, भाऊ, गेअर कसा आहे गा. तो डोळे मिटूनच राहे. मी म्हणो, एकदा सांग ना, जळला का चांगला आहे. अन् गाडी माह्या समोरून निघून जाई, अन् मी उठून बसो. गेलेल्या माणसाले लोकं काय काय विचारतात. मले हेच विचारायचं होतं. ट्रक जळल्यावर मी त्याच्यासमोर बसली होती म्हणून त्याचं चुकलेलं मले ऐकू आलं. त्या सात मैलात मी नव्हती.

सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन होतं. भन्तेजी येऊन गेले, वस्तीतले लोकं जेवून गेले. तुळसाबाई भांडी घासाले लागली होती. गोविंदा सकाळपासून दिसला नव्हता. मले माहीत होतं आज तसराळं उतरवणार आहेत. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली.

दुपारी तीन-साडेतीनले सायकलवर आला. सायकल नुसती भिंतीले टाकली, ती पडली तरी उचलली नाही. खिशातून औषधाची एक काचेची शिशी काढली अन् माह्या हातात देल्ली. आत तेल होतं. मी उजेडात धरली. लाल होतं, आरपार दिसत होतं.

मी बूच काढून वास घेतला. गुळाचा वास नव्हता. परत घेतला. नव्हता.

मी विचारलं, "पुरं पाहिलं का?"

तो म्हणे, "महादेवरावांनी स्वतः पाहिलं, ताई. तळाशी बोट फिरवलं. चुरा नाही, काही नाही. बोल्ट परत लावाले सांगितले. नत्थूचं खरं आहे म्हणे."

मंग गोविंदा ओट्यावर बसला अन् दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याले बसू देल्लं. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं का रुपरावजींनी चाबी परत देल्ली, सेंडर कलकत्त्याहून मागवला. महादेवराव आणखी काही म्हणाले का मी विचारलं. तो म्हणे, काही नाही, हात धुवाले गेले अन् लय वेळ धूतच राहिले.

मी ताट वाढलं. तो जेवला. चार भाकरी खाल्ल्या, वरण दोनदा मागितलं, तुळसाबाई माह्याकडे पाहाले लागली तं मी तिले डोळ्यानं चूप बस म्हटलं. ताट त्यानं स्वतः धुतलं. जातो म्हणे, गाडी पुसायची आहे. दाराच्या बाहेर गेला अन् मी दार लोटलं तं बिजागरीचा कब्जा किरकिरला. दार थंडीत तसंच करे, कोणाचं ध्यान नव्हतं. गोविंदा परत आला. शिशी मागून घेतली, दोन थेंब वरच्या कब्ज्यात टाकले, दोन खालच्या, अन् दार चार-पाचदा उघडून लावून पाहिलं. शिशीत थोडं उरलं होतं. ते त्यानं सोबत नेलं. सायकलच्या चेनले लागते म्हणे.